उतारावरचा ट्रॅक्टर : खानापूर तालुक्यातील पाच एकर बारा गुंठ्यांचे एक प्रकरण

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सुरू होतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पाऊस तिथून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो, आणि याच जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, बैलहोंगल-सौंदत्तीकडे, सपाट काळी जमीन नजर पोहोचेल तिथवर पसरलेली असते. ट्रॅक्टर दोन्हीकडे तोच असला तरी त्याचे काम तेच नसते. पुढे मांडलेले प्रकरण आमच्या घरचे आहे. जमीन वडिलार्जित असून ती थोरले बंधू कसतात. मी बेळगावात यंत्रकामाचा निदेशक म्हणून नोकरी करतो आणि सुट्टीला गावी जातो. त्यामुळे या लिखाणातील शेतीची जाण दादांची आणि मोजमाप माझे, असे समजावे. गावाचे आणि माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

जमीन आणि तिच्या वाटा

एकूण क्षेत्र ५ एकर १२ गुंठे. उताऱ्यावर हा एकच आकडा दिसतो. उताऱ्यावर उताराची नोंद नसते. प्रत्यक्षात या चार वेगवेगळ्या जमिनी आहेत. रस्त्यालगत माथ्यावर ५० गुंठ्यांचा तांबडा, जांभ्या दगडाचा माळ आहे. तिथे नाचणी होते आणि वरंब्यांवर रताळी लावतात. त्याच्या बगलेला ४० गुंठ्यांत काजू आहे. माळाच्या खाली डोंगर कापून आजोबांच्या काळी केलेल्या ९ ताली असून त्या मिळून ५२ गुंठे भरतात; त्यांत भात. सर्वांत खाली नाल्याकाठी ७० गुंठ्यांची जवळजवळ सपाट खाचरे आहेत, त्यांतही भातच. खालच्या खाचरांना गावाकडून पाणंद आहे आणि त्या पाणंदीने ट्रॅक्टर सुखाने येतो-जातो. तालींना मात्र वाट एकच आहे, ती वरून, माळावरून उतरत, एका बांधाचा कोपरा कापून दुसऱ्या तालीत जाणारी. ही वाट बैलांसाठी होती. पाच फूट रुंदीत जोडी आणि खांद्यावर नांगर घेतलेला माणूस आरामात उतरत असे. ऑगस्ट २०१९च्या अतिवृष्टीत, ज्या पावसाने सारा जिल्हा पाण्याखाली घातला, त्यात या वाटेचे चार कोपरे वाहून गेले आणि दादांनी ते मिळेल त्या मातीने भरून काढले. ही भरावाची माती पुढे फार महाग पडणार होती.

ट्रॅक्टरकडे वळण्याचे कारण हौस नव्हती. २०२२ साली लम्पी रोगाची साथ आली, त्यात जोडीतला एक बैल गेला. एका बैलाचे औत होत नाही आणि गेलेल्याला जुळणारा दुसरा मिळेना, म्हणून उरलेला बैल डिसेंबरात विकला. गोठा मोकळा झाला तेव्हा पुढच्या हंगामाचे काय, हा प्रश्न दादांनी फार घोळवला नाही. आजूबाजूला सगळेच ट्रॅक्टर बोलावतात, आपणही बोलावू, इतकाच विचार त्यांनी केला. आणि खरे सांगायचे तर यंत्राचा माणूस म्हणवणाऱ्या मलाही त्यापलीकडे काही सुचले नव्हते.

२०२३चा खरीप

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोहोचला, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा, आणि अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाने त्याची पुढची चाल आणखी मंदावली. मृग कोरडा गेला. ज्यांनी रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, कुरीने (पाभरीने) भात पेरले होते ते आभाळाकडे बघत बसले, आणि ज्यांना लावण करायची होती त्यांची रोपे नाल्याच्या ओलीवर कशीबशी वाढत राहिली. महिना संपता संपता पाऊस लागला तो मग थांबेना. जुलैत चिखलणीचे, म्हणजे लावणीआधी पाणी धरून चिखल करण्याचे, काम सगळ्या शिवारात एकाच वेळी निघाले. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना लावले तर फुटवे चांगले येतात. आमचे रोप तोवर महिन्याचे झाले होते. गावातले दोन्ही ट्रॅक्टर आठ-आठ दिवस आधीच ठरलेले होते.

अशा वेळी दादांना पूर्वेकडचा एक ट्रॅक्टर मिळाला. तिकडच्या पेरण्या खोळंबल्याने तो चालक काम शोधत पश्चिमेला आला होता. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, मागे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारा रोटाव्हेटर, आणि चिखलणीसाठी टायरच्या बाहेरून बसवलेली केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके. चालक मुरलेला होता, यात शंका नाही. दादांचे मोडकेतोडके कानडी आणि त्याचे मोडकेतोडके मराठी यांत व्यवहार चालला. आमच्या भागात त्यात काही विशेष नाही आणि पुढे जे घडले ते भाषेमुळे घडले नाही. त्याचे हात सपाट जमिनीवर तयार झालेले होते, इतकेच.

पहिल्या दिवशी खालची ७० गुंठे खाचरे ४ तासांत चिखलून झाली. म्हणजे तासाला साडेसतरा गुंठे. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर वरून तालीत उतरला. वरच्या ५ ताली रुंद आहेत, त्यांचे क्षेत्र ३४ गुंठे. त्यांना ६ तास लागले, म्हणजे तासाला सहा गुंठेही नाहीत. पैसे तासावर ठरलेले असल्यामुळे एक गुंठा चिखलायला तालीत खाचराच्या तिप्पट खर्च आला. दादांनी हे सगळे धाकट्या मुलाच्या शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले होते; ती वही नसती तर हे प्रकरण मला लिहिताच आले नसते. तालीची रुंदी आणि ट्रॅक्टरची लांबी यांचा मेळ पाहिला की कारण उघड होते. रोटाव्हेटरसह ट्रॅक्टर साधारण साडेचार मीटर, म्हणजे पंधरा फूट लांब असतो. आमची पाचवी ताल सव्वीस फूट रुंद आहे आणि खालच्या चार तालींतली सर्वांत अरुंद ताल चौदा फुटांची आहे. सव्वीस फुटांत वळताना दोनदा मागे-पुढे करावे लागते, चौदा फुटांत वळताच येत नाही. यंत्र जमिनीत काम करते त्याहून जास्त वेळ ते उचलून फिरवण्यात जातो आणि तासाचे भाडे दोन्हीला सारखेच लागते.

अपघात म्हणावा की नाही असा जो प्रसंग घडला, तो चिखलणी करताना घडला नाही. म्हाताऱ्या पावसाचे, म्हणजे पुष्याचे, पहिलेच दिवस होते. पाचवी ताल संपवून चालक संध्याकाळी चौथीत परत चढत होता. मधला बांध तीन फूट उंच. केजव्हीलसह ट्रॅक्टरची रुंदी आठ फुटांच्या आसपास जाते, म्हणून त्या कोपऱ्यात सकाळीच खोऱ्याने नऊ फुटांची वाट कापली होती. पण तिची लांबी जेमतेम सात फूट होती. सात फुटांत तीन फूट चढ म्हणजे तेवीस अंशांचा कोन होतो. सकाळी उतरताना हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण उतरताना वजनच यंत्राला खाली नेते. चढताना उजवे मागचे चाक २०१९च्या भरावात शिरले आणि आसापर्यंत रुतले. चालकाने, सपाट काळ्या रानात चिखलात रुतल्यावर जे करतात तेच केले : खालचा गिअर टाकला आणि थ्रॉटल ओढला. पुढची चाके दोन फूट वर उचलली गेली. मागे रोटाव्हेटरचे फळकूट तालीत टेकले, चालकाने क्लच दाबला, तोंड धाडकन खाली आपटले आणि ट्रॅक्टर बाहेरच्या बाजूला घसरून बांधाला रेलून थांबला. चालकाच्या उजव्या कोपराला खरचटले, बाकी कोणाला काही झाले नाही. मडगार्डवर बसून निघालेला माझा पुतण्या वैरणीसाठी पाच मिनिटे आधी उतरला होता. याविषयी घरात कोणी बोलत नाही.

यानंतर जे होऊ घातले होते ते मला जास्त भयंकर वाटते. शेजारचे एक काका मदतीच्या भावनेने फणसाचा ओंडका आणि साखळी घेऊन आले. रुतलेल्या मागच्या चाकांच्या पुढे ओंडका आडवा टाकून तो साखळीने चाकांना बांधायचा, म्हणजे चाक फिरताना ओंडका खाली घेते आणि त्यावर चढून बाहेर येते, हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो आणि अनेकदा तो साधतोही. पण साधत नाही तेव्हा काय होते हे समजून घ्यायला हवे. इंजिनची ताकद मागच्या आसावर येते आणि तिला चाक फिरवायचे असते. चाक फिरू शकत नसेल तर तीच ताकद चाकाऐवजी ट्रॅक्टरचे अंग आसाभोवती फिरवू लागते, म्हणजे तोंड उचलते. तोंड एका विशिष्ट कोनापलीकडे गेले की वजन आसाच्या मागे पडते आणि मग क्लच दाबूनही उपयोग नसतो. हे सगळे सेकंद-दीड सेकंदात घडते. माणसाला कळेपर्यंत तो खाली सापडलेला असतो. चाक चिखलात जागच्या जागी फिरते तोवर ते निसटणेच एक प्रकारची सुरक्षा असते. ओंडका बांधला की ती वाट बंद होते. आमच्या ट्रॅक्टरला चालकावर आडवा येणारा संरक्षक दांडा नव्हता. जुन्या ट्रॅक्टरांना तो बहुधा नसतोच.

दादांनी वडाखाली, जिथे रेंज मिळते तिथे जाऊन मला फोन केला. साखळी सोडून ठेवा, आज काहीच करू नका, इतकेच मी सांगितले, आणि त्या दिवसात माझ्याकडून झालेले उपयोगाचे काम तेवढेच. दुसऱ्या दिवशी गावातला ट्रॅक्टर वर माळावर उभा करून, तारेचा दोर पुढच्या हुकाला बांधून अडकलेला ट्रॅक्टर ओढून काढला. तो निघताना उरलेला बांध फुटला. चौथ्या तालीचे पाणी माती घेऊन पाचवीतून सहावीत गेले, तिथले तीन गुंठे गाळाखाली गेले, आणि शेजाऱ्यांच्या एका तुकड्यातही गाळ बसला. शेजाऱ्यांना आमच्यातले रोप दिले आणि दोन दिवस पैरा केला, म्हणजे मजुरी न घेता त्यांच्या रानात काम केले. खालच्या चार अरुंद ताली, १८ गुंठे, त्या वर्षी पडीकच राहिल्या.

मोजमाप

भाताची कापणी व्हायच्या आत, ऑक्टोबरात, पुतण्याला घेऊन मी सगळी जमीन मोजली. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि खुणा केलेले दोन बांबू एवढेच साहित्य लागते. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एका पातळीत राहते, त्यामुळे दहा मीटरवर दोन बांबू धरले की जमीन किती उतरली हे थेट वाचता येते. माळ दहा मीटरला एक मीटर उतरतो, म्हणजे जवळपास सहा अंश. काजूची बाग दहा मीटरला तीन मीटर, म्हणजे सतरा अंश. पाय या दोन्हींतला फरक ओळखतात, पण डोळा फसतो. दादांना माळच जास्त चढाचा वाटत होता, कारण तिथे झाडे नाहीत.

मग कागदावर आकडेमोड केली. ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधले अंतर १.३ मीटर आणि त्याचे गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटरवर धरले, तर तो चाळीस अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उलटू नये. हा आकडा ऐकून दादांना हायसे वाटले, म्हणून तो किती फसवा आहे हे लगेच सांगावे लागले. हा हिशेब उभ्या, स्थिर ट्रॅक्टरचा आहे. पुढचा आस मधोमध खिळीवर डुलता असतो, त्यामुळे ट्रॅक्टर प्रत्यक्षात चार पायांवर नव्हे, तिवईवर उभा असल्यासारखा असतो. औजार उचलले की गुरुत्वमध्य वर सरकते. वरचे चाक दगडावर आणि खालचे खड्ड्यात गेले की क्षणभर कोन दुप्पट होतो. यांपैकी दोन गोष्टी एका वेळी घडल्या की चाळीस अंशांचा भरवसा संपतो. म्हणून काजूच्या सतरा अंशांत ट्रॅक्टर आडवा न्यायचा नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकले. दादांनीही त्यावर वाद घातला नाही, कारण तिथे गवत कापण्यापलीकडे कामच नसते.

खरा पेच माळाचा होता. शेतीशास्त्र सांगते की उताराला आडवे नांगरावे, म्हणजे प्रत्येक तास (नांगराने पडलेली सरी) पाणी अडवतो आणि माती जागेवर राहते. यंत्रशास्त्र सांगते की उतारावर ट्रॅक्टर शक्यतो उभा चालवावा, आडवा नाही. दोन्ही सल्ले बरोबर आहेत आणि एकत्र पाळता येत नाहीत. आमच्याकडे येणारे चालक स्वाभाविकपणे उभे नांगरतात, त्याचा परिणाम पहिल्या मोठ्या पावसात दिसतो. जांभ्या मातीचे तांबडे पाणी तासातासांतून खाली येते आणि पहिल्या तालीच्या तोंडाशी गाळाचा पंखा पसरतो. त्यात रोटाव्हेटर फिरवून माती पिठासारखी केलेली असेल तर विचारूच नये. मृगाच्या तोंडावर माळावर रोटाव्हेटर फिरवणे म्हणजे माती नाल्याला देऊन टाकणे, असे माझे मत झाले आहे.

या पेचातून वाट मिळाली ती पलटी नांगराने, आणि तीही जरा विचार केल्यावर. नांगरताना ट्रॅक्टरची एका बाजूची चाके आधीच्या तासात चालतात आणि माती त्याच बाजूला, त्याच तासात पडते. तास आठ इंच खोल असेल तर तेवढ्याने ट्रॅक्टर त्या बाजूला आठ-नऊ अंश कलतो. आता माळ सहा अंशांचा आहे. माती खालच्या बाजूला टाकत गेले, तर खालची चाके तासात राहतात आणि एकूण कल चौदा-पंधरा अंशांवर जातो. तेच वरून सुरुवात करून माती वरच्या बाजूला टाकत खाली आले, तर वरची चाके तासात राहतात, कल उताराच्या उलट पडतो आणि ट्रॅक्टर जवळजवळ सपाटीवर चालल्यासारखा चालतो. शिवाय दर वर्षी माती एकेक हात वर सरकते, जी एरवी पावसाने खाली गेलेली असते. साधा नांगर एकाच बाजूला माती टाकतो, त्यामुळे परतीच्या फेरीत दिशा उलटते. पलटी नांगराची पाती टोकाला उलटवता येतात म्हणून दोन्ही फेऱ्यांत माती वरच राहते. वर टाकायला इंजिनला थोडा जास्त जोर लागतो, एवढाच तोटा. बैलांचा नांगर धरणाऱ्या वडिलांना हे ठाऊक असावे. ते माळाला नेहमी वरच्या बांधापासून हात घालत. आम्ही ती त्यांची खोड समजत होतो.

दादांचा ट्रॅक्टर आणि माझा हिशेब

त्या हिवाळ्यात दादांनी जुना ट्रॅक्टर विकत घ्यायचे काढले. त्यांचे म्हणणे साधे होते : परक्या चालकावर विसंबल्यामुळे हे झाले, स्वतःचा असेल तर आपण जपून चालवू, आणि पाऊस बघून हवे त्या दिवशी काम करू. यातला दुसरा मुद्दा मला पटतो. डोंगराळ भागात हंगामाचे काम तीन आठवड्यांत उरकते आणि भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याचा क्रम त्याच्या सोयीने लागतो, आपल्या रोपाच्या वयाने नाही.

तरी मी विरोध केला. माळाची नांगरट, खाचरांची दोनदा मशागत, तालींची चिखलणी आणि खत व पिंजर (भाताचे काड) यांची वाहतूक धरून आमच्या जमिनीला वर्षाचे जेमतेम तीस तास ट्रॅक्टर लागतो. उरलेले वर्ष तो गोठ्यात उभा राहणार. त्याचे हप्ते, विमा, टायर भागवायचे तर दादांनी लोकांची कामे घ्यायला हवीत, आणि लोकांची कामेही नेमकी त्याच तीन आठवड्यांत असतात. म्हणजे पुन्हा आपले रोप थांबणार, फक्त या वेळी थांबवणारे दादाच असतील. लहान, पंचवीस अश्वशक्तीच्या चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरचाही विचार झाला. अरुंद तालीत तो वळतो आणि उतरताना चारही चाके इंजिनचा रोध घेतात, हे त्याचे मोठे गुण. पण वाळलेल्या जांभ्या जमिनीत तो पलटी नांगर ओढत नाही, आणि लहान म्हणजे उलटणार नाही ही समजूतही बरोबर नाही; त्याचे गुरुत्वमध्य खाली असते खरे, पण चाकांतले अंतरही तितकेच कमी असते.

कर्नाटक सरकारच्या कृषी यंत्रधारे योजनेतून होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटाच्या, पातळीवर भाड्याने यंत्रे मिळतात, तोही एक पर्याय होता आणि पॉवर टिलरसाठी (मागे चालत हाताने धरायचे छोटे मशागत यंत्र) पुढे आम्ही भाड्याचीच वाट धरली. ट्रॅक्टर घेण्याचा बेत दादांनी सोडला नाही, पुढे ढकलला.

२०२४ नंतरची व्यवस्था

पैसे यंत्रावर न घालता वाटेवर घातले. जानेवारी ते मार्च २०२४ या काळात पहिल्या पाच तालींमधल्या कोपऱ्यांवर जांभ्या चिऱ्यांचे तुकडे ठेचून भराव केला आणि त्यावर माती चढवली. रुंदी दहा फूट ठेवली आणि तीन फूट चढाला वीस फूट लांबी दिली. तेवीस अंशांचा कोन साडेआठ अंशांवर आला. लांबी वाढवण्यात प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी भाताची जमीन गेली, त्याबद्दल दादा अजून कुरकुरतात. दुसरी आणि तिसरी ताल यांच्या उंचीत फक्त फूटभराचा फरक होता, म्हणून मधला बांध काढून ती एक केली. एक भराव वाचला आणि वळणे निम्मी झाली. एका भरावाची कड शेजाऱ्यांच्या बांधावर येत होती. गेल्या वर्षीच्या गाळाची आठवण ताजी असल्याने ते सहज तयार होतील असे वाटले नव्हते, पण त्यांच्या तुकड्यालाही तीच वाट वापरू देण्याच्या बोलीवर चार माणसांसमोर मिटले.

कामाची विभागणी अशी झाली. वळवाचा एखादा पाऊस पडून माळ नरम झाला की एप्रिल-मे महिन्यात पलटी नांगर, वरून खाली, माती वर. त्यानंतर ढेकळे तशीच राहू द्यायची; रोटाव्हेटर माळावर फिरवायचा नाही. वरच्या तालींत चिखलणीला गावातलाच ट्रॅक्टर, दिवसाउजेडी. खालच्या चार अरुंद तालींत पॉवर टिलर. त्याच्यामागे चिखलात चालून माणूस पार थकतो, पण १८ गुंठ्यांपुरते ते सोसते. चालकाशी आधीच बोलून घ्यायच्या तीन गोष्टी दादांनी त्याच वहीत लिहिल्या आहेत. ज्या गिअरमध्ये चढावे लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचे आणि उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही. रस्त्यावर आणि भरावावर दोन्ही ब्रेकची पेडले कडीने एकत्र जोडायची, कारण तालीत वळण्यासाठी सुटी ठेवलेली पेडले तशीच राहिली आणि उतारावर एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रुतला तर पुढे रेटायचे नाही, मागे घेऊन पाहायचे, नाही निघाला तर थांबायचे. मडगार्डवर कोणी बसायचे नाही हे लिहायची गरज पडली नाही.

२०२४च्या जुलैत त्याच ३४ गुंठ्यांना, बांध काढून एक झालेली ताल धरून, पावणेचार तास लागले. आधीच्या सहा तासांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावे की चालक वेगळा होता आणि पाऊस वेळेवर होता. सगळे श्रेय भरावांना देता येणार नाही. दुसऱ्या भरावाची बाहेरची कड ऑगस्टात वीतभर खचली, तिथे दोन ट्रॉल्या दगड पुन्हा घालावे लागले. भरावाला पहिली दोन वर्षे दर पावसाळ्यानंतर डागडुजी लागणार हे गृहीतच धरायला हवे होते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, ती वाहतुकीची. पूर्वी शेणखताची भरलेली ट्रॉली माळावरून थेट पहिल्या तालीत उतरत असे. भरलेल्या ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरहून जास्त असते, तिला स्वतःचे ब्रेक नसतात, आणि उतारावर ती मागून ढकलत ट्रॅक्टरला आडवा करते. सहा अंशांच्या ओल्या माळावर हे मला मुळीच नको होते. म्हणून आता ट्रॉली रस्त्याकडेच्या फणसापर्यंतच येते. खत तिथून पाटीने खाली जाते आणि कापणीनंतर पिंजर डोक्यावरून वर फणसापाशी येते. हे डोक्यावरचे काम बहुतेक वहिनींच्या आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या बायकांच्या वाट्याला आले आहे, हे मी नियम ठरवताना लक्षात घेतले नव्हते. मागच्या डिसेंबरात वहिनींनी भारे मोजले. ११२ झाले. तो आकडा त्यांनी मला फोनवर सांगितला, पुढे काही बोलल्या नाहीत.

त्यावर उपाय म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याने आणि मी काजूच्या कडेने तिरकी जाणारी एक वाट नळीने आखली आहे. ती बारा फुटांना एक फूट उतरते, म्हणजे पाच अंशांच्या आत राहते, आणि चढ्या बाजूने पोटात कापून काढली तर तिच्यावर ताजा भराव कुठेच येत नाही. आड येणारी तीन काजूची झाडे तोडावी लागतील. त्यांतली दोन वहिनींनी माहेराहून आणलेल्या रोपांची आहेत, त्यामुळे खुंट्यांची रांग सध्या पहिल्या झाडापाशी येऊन थांबली आहे.